विश्वचषक २०२६: कोणाची किती शक्यता?

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेआधी एखाद्या संघाची शक्यता ठरवताना दोन वेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात. एक म्हणजे संघाची मूळ ताकद, आणि दुसरी म्हणजे त्या ताकदीला स्पर्धेच्या रचनेतून, वेळापत्रकातून, हवामानातून आणि नशिबातून विजेतेपदापर्यंत नेणारी वाट. बहुतेक चर्चा पहिल्या गोष्टीवर सुरू होते आणि तिथेच संपते. कोणाकडे मेस्सी आहे, कोणाकडे एम्बापे, कोणाची मधली फळी भक्कम, एवढ्यावर निकाल दिला जातो. विश्वचषकाचा इतिहास मात्र सांगतो की सर्वांत ताकदवान संघ आणि जिंकणारा संघ हे पुष्कळदा वेगळे निघतात. १९५४ मध्ये हंगेरीचा संघ चार वर्षे अपराजित होता. गटसाखळीत त्याने पश्चिम जर्मनीला ८-३ असे धुतले होते. बर्नमधल्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीकडून तो ३-२ असा हरला. ब्राझीलला १९५० मध्ये माराकानावर शेवटच्या सामन्यात केवळ बरोबरी पुरेशी होती, पण उरुग्वेने २-१ असा विजय मिळवला. त्या दोन्ही संघांना आधी मिळालेली पसंती चुकीची नव्हती. ज्याची शक्यता सर्वाधिक, त्याचाही पराभव होऊ शकतो, इतकाच त्याचा अर्थ.

पुढची स्पर्धा ११ जून ते १९ जुलै २०२६ या काळात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील १६ शहरांत होईल. १९९८ ते २०२२ या सात स्पर्धांत ३२ संघ आणि ६४ सामने होते. आता ४८ संघ आणि १०४ सामने असतील. चार-चार संघांचे १२ गट, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम आठ असे ३२ संघ बाद फेरीत जातील. म्हणजे गटसाखळीत फक्त १६ संघ बाहेर पडतील आणि विजेत्याला सातऐवजी आठ सामने खेळावे लागतील. शक्यतांचे सगळे गणित या बदलातून नव्याने मांडावे लागते.

आधी इतिहास. १९३० पासून २०२२ पर्यंत २२ स्पर्धा झाल्या आणि त्या फक्त आठ देशांनी जिंकल्या: ब्राझील पाच वेळा, जर्मनी आणि इटली प्रत्येकी चार वेळा, अर्जेंटिना तीन वेळा, उरुग्वे आणि फ्रान्स दोन वेळा, इंग्लंड आणि स्पेन एकेकदा. युरोप आणि दक्षिण अमेरिका सोडून अन्य खंडांतील फक्त तीन संघ उपांत्य फेरीपर्यंत गेले: १९३० मध्ये अमेरिका, २००२ मध्ये दक्षिण कोरिया आणि २०२२ मध्ये मोरोक्को. इतक्या लोकप्रिय खेळात विजेत्यांचे वर्तुळ एवढे लहान असावे, यामागे ठोस कारणे आहेत. या देशांत क्लबांची जुनी, दाट जाळी आहेत, लहान मुलांना घडवणाऱ्या अकादमी आहेत आणि दर पिढीत वीस-पंचवीस अव्वल खेळाडू निघतील इतका मोठा पाया आहे. म्हणून पहिली चाळणी लावताना ४८ पैकी सुमारे ३५ संघ विजेतेपदाच्या हिशेबातून बाजूला ठेवता येतात. हा त्यांचा अनादर नव्हे. त्यांच्यासाठी यशाचे माप वेगळे असते.

इतिहासातून काढलेले इतर नियम मात्र जपून वापरावे लागतात. विजेतेपद राखणे फक्त इटलीला १९३८ मध्ये आणि ब्राझीलला १९६२ मध्ये जमले. अमेरिका खंडांत झालेल्या आठ स्पर्धांपैकी सात दक्षिण अमेरिकी संघांनी जिंकल्या, अपवाद २०१४ मधील जर्मनीचा. परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली आजवर एकही संघ विश्वविजेता झालेला नाही. १९५८ मध्ये इंग्रज प्रशिक्षक जॉर्ज रेनर यांचा स्वीडन आणि १९७८ मध्ये ऑस्ट्रियन अर्न्स्ट हॅपेल यांचा नेदरलँड्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून थांबले. ही सगळी विधाने खरी आहेत, पण ती २२ निकालांवर उभी आहेत. एवढ्या थोड्या नमुन्यात योगायोगही नियमासारखा दिसतो. खंडाचा नियम घ्या. पूर्वी बोटीने किंवा लांबच्या विमानप्रवासाने येणारे, अनोळखी हवेत खेळणारे युरोपीय संघ आणि आजचे संघ यांची तुलना होत नाही. आज अर्जेंटिना आणि ब्राझीलचे निम्म्याहून अधिक खेळाडू युरोपातच राहतात. परदेशी प्रशिक्षकाचा नियमही तसाच. मोठे देश आजवर परदेशी प्रशिक्षक क्वचितच नेमत, म्हणून तो टिकला. २०२६ मध्ये ब्राझीलकडे इटलीचे कार्लो आन्चेलोत्ती, इंग्लंडकडे जर्मनीचे थॉमस टुखेल आणि पोर्तुगालकडे स्पेनचे रोबेर्तो मार्तिनेझ आहेत. हा नियम मोडण्याची मोठी संधी आता आली आहे.

दुसरे साधन म्हणजे क्रमवारी. फिफाची क्रमवारी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि बराच काळ ती सदोष राहिली. मैत्रीपूर्ण सामन्यांना कमी वजन असल्याने असे सामने खेळले की सरासरी खाली यायची. मोजकेच सामने खेळून वर राहणे शक्य होते. पोलंडने २०१८ च्या सोडतीआधी असे सामने टाळले, पहिल्या कप्प्यात जागा मिळवली आणि प्रत्यक्ष स्पर्धेत गटात शेवटचा क्रमांक पटकावला. ऑगस्ट २०१८ पासून फिफाने बुद्धिबळातील एलो पद्धतीवर आधारलेले सूत्र स्वीकारले. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांची ही कल्पना. सामन्याआधी दोन्ही संघांच्या गुणांतील फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा, प्रत्यक्ष निकाल त्याहून चांगला लागला तर गुण वाढवायचे, वाईट लागला तर कमी करायचे. मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन कमी, विश्वचषकाच्या सामन्याचे सर्वांत जास्त. फिफाच्या सूत्रात १०० गुणांचा फरक असेल तर वरच्या संघाची अपेक्षा सुमारे ६० टक्के येते, २०० गुणांना ६८ टक्के, ३०० गुणांना ७६ टक्के. ही अपेक्षा धरताना बरोबरीला अर्धा विजय मानले जाते. पहिल्या दहांतील संघांमध्ये बहुधा १०० ते १५० गुणांचेच अंतर असते. त्यामुळे पहिल्या आणि सातव्या क्रमांकाच्या संघांतील सामना वरच्या संघाला फारतर साठ-पासष्ट टक्के झुकलेला असतो. वर्तमानपत्रांत क्रमांक छापले जातात, गुण नाहीत, म्हणून हे अंतर वाचकाला फसवते.

क्रमवारी सुरू झाल्यापासून स्पर्धेत पहिल्या क्रमांकाने उतरलेला एकही संघ विजेता झालेला नाही. २००२ मध्ये फ्रान्स, २०१४ मध्ये स्पेन आणि २०१८ मध्ये जर्मनी पहिल्या क्रमांकावर होते आणि तिघेही गटसाखळीतच बाद झाले. ते तिघे गतविजेतेही होते. यात शाप वगैरे काही नाही. पहिला क्रमांक मागच्या काही वर्षांची कामगिरी सांगतो आणि जिंकलेला संघ अनेकदा त्याच खेळाडूंवर भरवसा ठेवत राहतो. २०१४ चा स्पेन आणि २०१८ चा जर्मनी यांची मधली फळी आदल्या यशाच्या आधारे निवडलेली होती आणि तिची धाव मंदावली होती. प्रशिक्षकाला स्वतःच्या विजेत्या खेळाडूला बाहेर बसवणे सर्वांत अवघड जाते. अंदाज बांधणाऱ्याने गतविजेत्याकडे पाहताना हेच आधी तपासावे: किती नवे खेळाडू आले, आणि कोणाच्या जागी आले.

तिसरे साधन गोलांचे. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. २०२२ च्या स्पर्धेत ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला २.७. इतक्या थोड्या गोलांच्या खेळात दैवाचा वाटा मोठा राहतो, आणि तो आकड्यांत दाखवता येतो. दोन संघांचे गोल स्वतंत्रपणे, ठरावीक सरासरीने होतात असे धरून प्वासाँ वितरण वापरण्याची पद्धत संख्याशास्त्रात रुळली आहे. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ मध्ये तिच्यात कमी गोलांच्या निकालांसाठी सुधारणा सुचवली आणि आजची बहुतेक प्रारूपे त्या वाटेने जातात. साधे उदाहरण पाहा. एका संघाची अपेक्षा १.६ गोलांची, दुसऱ्याची ०.९ गोलांची. फरक ठळक आहे, पहिला संघ जवळजवळ दुप्पट धारदार. तरीही नव्वद मिनिटांत तो जिंकण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के, बरोबरीची २५ टक्के आणि दुबळा संघ जिंकण्याची २१ टक्के येते. पाच सामन्यांत एकदा दुबळा संघ बाजी मारतो. २०२२ मध्ये सलग ३६ सामने अपराजित असलेली अर्जेंटिना पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून २-१ अशी हरली आणि पुढे विश्वविजेती झाली. स्पेनही २०१० मध्ये पहिला सामना स्वित्झर्लंडकडून १-० असा हरला होता. एका सामन्यावरून मत बदलणारा जाणकार अशा वेळी तोंडघशी पडतो.

म्हणूनच निकालांपेक्षा निर्माण केलेल्या संधी मोजण्याकडे कल वाढला. प्रत्येक फटक्याची जागा, कोन, समोरचे बचावपटू पाहून तो गोल होण्याची शक्यता ठरवायची आणि ती बेरीज करायची. याला अपेक्षित गोल म्हणतात. क्लब फुटबॉलमध्ये ३८ सामन्यांच्या हंगामात हे माप चांगले काम देते. राष्ट्रीय संघ वर्षाला दहा-बारा सामने खेळतो, त्यातले निम्मे दुबळ्या संघांशी. तिथे हेच माप डळमळते. या कमतरतेवर एक उपाय म्हणजे प्रत्येक खेळाडूचा क्लबमधला खेळ पाहून संघाची बेरीज करणे. पण बेरीज म्हणजे संघ नव्हे, हे इंग्लंडने २००२ ते २०१० या काळात वारंवार दाखवले.

आता बाद फेरीचे गणित. विजेतेपदासाठी २०२२ पर्यंत चार बाद सामने जिंकावे लागत, आता पाच. समजा एखादा संघ इतका सरस आहे की प्रत्येक बाद सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे. चार सामन्यांसाठी ती २४ टक्के होते, पाच सामन्यांसाठी १७ टक्के. शक्यता ७५ टक्के धरली तरी पाच सामन्यांचा गुणाकार २४ टक्क्यांवर येतो. ज्या संघाला प्रत्येक लढतीत ठळकपणे वरचढ मानले जाते, तोसुद्धा स्पर्धेआधी सहापैकी एक किंवा चारपैकी एक एवढाच दावेदार असतो. बत्तिसांच्या फेरीत प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळा असेल म्हणून नव्या रचनेचा तोटा थोडा कमी होईल, पण एक जादा सामना म्हणजे एक जादा लाल कार्ड, एक जादा दुखापत, एक जादा वाईट संध्याकाळ. कोणी एखाद्या संघाला चाळीस-पन्नास टक्के देत असेल तर त्याने हा गुणाकार केलेला नाही, एवढे निश्चित समजावे.

याउलट गटसाखळीतली भीती मात्र कमी झाली. तिसऱ्या क्रमांकालाही पुढे जाता येणारी रचना १९८६ ते १९९४ या स्पर्धांत होती. १९९० मध्ये अर्जेंटिना गटात तिसरी आली आणि अंतिम सामना खेळली. १९९४ मध्ये इटलीच्या गटातील चारही संघांचे चार-चार गुण झाले, इटली तिसरी आली आणि तीही अंतिम सामन्यापर्यंत गेली. युरो २०१६ मध्ये पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसरे स्थान घेतले आणि स्पर्धा जिंकली. फ्रान्स, इटली, स्पेन, जर्मनी हे गतविजेते २००२ ते २०१८ या काळात ज्या रचनेत गटातच गारद झाले, ती रचना आता नाही. मोठ्या संघांना सावकाश सुरुवात परवडेल.

अंतिम सामन्यांपैकी तीन (१९९४, २००६ आणि २०२२) पेनल्टी शूटआउटवर सुटले. २०२२ च्या स्पर्धेत असे पाच शूटआउट झाले. याला निव्वळ नाणेफेक मानणे चूक आहे. जर्मनी आणि क्रोएशिया यांनी विश्वचषकातील आपापले चारही शूटआउट जिंकले आहेत, तर इंग्लंडने १९९०, १९९८ आणि २००६ असे सलग तीन गमावल्यावर २०१८ मध्ये कोलंबियाविरुद्ध पहिला जिंकला. स्पेन २०१८ मध्ये रशियाकडून आणि २०२२ मध्ये मोरोक्कोकडून शूटआउटमध्येच बाद झाला. २०२२ मधील त्या सामन्यात त्याला एकही पेनल्टी गोलात घालता आली नाही. गोलरक्षकाचा अभ्यास, फटके मारणाऱ्यांचा क्रम, जादा वेळेत कोणाला मैदानावर ठेवायचे, हे तयारीचे विषय आहेत. एमिलियानो मार्तिनेझसारखा गोलरक्षक असलेल्या अर्जेंटिनाला बरोबरीची धास्ती इतरांपेक्षा कमी असते.

बचावाबद्दलही एक शब्द. १९९८ मधील फ्रान्स, २००६ मधील इटली आणि २०१० मधील स्पेन या विजेत्यांनी सात सामन्यांत प्रत्येकी फक्त दोन गोल स्वीकारले. स्पेनने स्वतः आठच गोल केले आणि बाद फेरीतील चारही सामने १-० असे जिंकले. अलीकडे हे चित्र सैल झाले आहे. २०१८ च्या फ्रान्सवर सहा आणि २०२२ च्या अर्जेंटिनावर आठ गोल झाले. पाच बदली खेळाडूंची मुभा मिळाल्यापासून शेवटच्या अर्ध्या तासात ताजे पाय उतरतात आणि आघाडी टिकवणे कठीण होते. त्यामुळे आज पहिल्या अकरांइतकेच पुढचे पाच-सहा महत्त्वाचे झाले आहेत.

राष्ट्रीय संघाला खेळाडू विकत घेता येत नाहीत आणि प्रशिक्षकाला सरावाचे दिवस थोडे मिळतात. म्हणून एकत्र वाढलेल्या खेळाडूंचा गाभा मोलाचा ठरतो. २०१० च्या स्पेनमागे बार्सिलोना होते, २०१४ च्या जर्मनीमागे बायर्न म्युनिक. पण क्लबइतकाच महत्त्वाचा असतो वयोगटांतला एकत्र प्रवास. २००९ ची २१ वर्षांखालील युरोपीय स्पर्धा जिंकणाऱ्या जर्मन संघातले नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, खेदिरा, ओझिल आणि होवेडेस हे सहा जण पाच वर्षांनी विश्वविजेते झाले. स्पेनचे आजचे प्रशिक्षक लुईस दे ला फुएन्ते यांनी २०१५ मध्ये १९ वर्षांखालील आणि २०१९ मध्ये २१ वर्षांखालील युरोपीय विजेतेपद मिळवले. त्या पहिल्या संघात रॉड्री, मेरिनो आणि उनाय सिमोन होते. भारतीय प्रेक्षकांनीही असा एक प्रवास जवळून पाहिला आहे. २०१७ ची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, मडगावचे फातोर्डा आणि नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम तिच्या मैदानांत होते. नवी मुंबईत स्पेनने मालीला ३-१ असे हरवले तेव्हा फेरान तोरेसने गोल केला होता. कोलकात्यातील अंतिम सामन्यात दोन गोलांनी मागे पडलेल्या इंग्लंडने स्पेनला ५-२ असे नमवले. त्या इंग्लंड संघातले फिल फोडन आणि मार्क गुएही सात वर्षांनी युरो २०२४ च्या अंतिम सामन्यात खेळले. २०१७ च्या त्याच स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला होता. भारत मात्र २०२६ च्या पात्रतेतून जून २०२४ मध्ये दोह्यात कतारकडून २-१ असा हरून दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला.

यजमान प्रदेशाचे हवामान या वेळी मोठा घटक असेल. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा येथे छत असलेली बंदिस्त मैदाने आहेत, पण मायामी, कॅन्सस सिटी, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी येथे जून-जुलैची दमट उष्णता थेट अंगावर येते. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत झालेल्या क्लब विश्वचषकात खेळाडूंनी उष्म्याची उघड तक्रार केली आणि वादळी हवामानामुळे सामने थांबवावे लागले. शार्लटमध्ये चेल्सी आणि बेनफिका यांचा सामना सुमारे दोन तास खोळंबला. व्हँकुव्हर ते मायामी हे अंतर साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास आहे. अशा स्पर्धेत चेंडू आपल्याकडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला पळवणारा संघ फायद्यात राहतो, आणि नव्वद मिनिटे धावून दबाव टाकणारा संघ तिसऱ्या आठवड्यात थकतो. दक्षिण अमेरिकी संघांना याचा सराव आहे. अर्जेंटिनाने २०२४ ची कोपा अमेरिका अमेरिकेतच, मायामीतील अंतिम सामन्यात कोलंबियाला १-० असे हरवून जिंकली.

या सगळ्या कसोट्या लावल्यावर सप्टेंबर २०२५ अखेर दावेदारांचे चित्र असे दिसत होते.

स्पेन सर्वांत पुढे आहे. युरो २०२४ मध्ये त्याने सातही सामने जिंकले आणि बर्लिनमधील अंतिम सामन्यात इंग्लंडला २-१ असे हरवले. मार्च २०२३ मध्ये स्कॉटलंडकडून हरल्यापासून अधिकृत स्पर्धांच्या सामन्यात तो शूटआउट वगळता हरलेला नाही. सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानला त्यांच्या घरी ६-० असे हरवून तो फिफा क्रमवारीत पहिला आला. पेद्रीची मधल्या फळीवरची हुकमत आणि लामिन यमालची उजव्या बाजूची चाल यांना सध्या तोड नाही. यमाल स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात, १३ जुलैला १९ वर्षांचा होईल. चेंडू ताब्यात ठेवण्याची त्यांची सवय उष्म्यात उपयोगी पडेल. शंका दोन: २०२४ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेल्या रॉड्रीची लय परत येते का, आणि आघाडी घेतल्यावर बचाव का सुटतो. जून २०२५ मध्ये नेशन्स लीगच्या उपांत्य सामन्यात ५-१ अशा आघाडीनंतर फ्रान्सने त्यांना ५-४ पर्यंत आणले, आणि अंतिम सामन्यात पोर्तुगालने दोनदा बरोबरी साधून शूटआउटमध्ये हरवले.

फ्रान्सकडे आक्रमणाची जी रांग आहे ती कोणाकडेच नाही. किलियन एम्बापे, सप्टेंबरमध्ये बॅलन डी'ऑर मिळवणारा उस्मान डेम्बेले, ओलिसे, दुए, बारकोला. दिदिए देशाँ यांची ही शेवटची स्पर्धा असेल. खेळाडू म्हणून १९९८ चे आणि प्रशिक्षक म्हणून २०१८ चे विजेतेपद, २०२२ चा अंतिम सामना, एवढी शिदोरी दुसऱ्या कोणाकडे नाही. एम्बापेचे विश्वचषकात दोन स्पर्धांत १२ गोल आहेत आणि मिरोस्लाव क्लोझचा १६ गोलांचा विक्रम त्याच्या आवाक्यात आहे. पण मधल्या फळीत ग्रीझमनच्या निवृत्तीनंतर सांधणारा माणूस अजून सापडलेला नाही.

अर्जेंटिना पात्रता फेरीत १८ सामन्यांत ३८ गुण मिळवून पहिली आली. ब्वेनोस आयर्समध्ये ब्राझीलला ४-१ असे हरवले तेव्हा मेस्सी मैदानावर नव्हता, ही गोष्ट त्या निकालाइतकीच महत्त्वाची आहे. मेस्सी स्पर्धेदरम्यान ३९ वर्षांचा होईल. तरीही तो पात्रतेत आठ गोलांसह खंडातील सर्वाधिक गोल करणारा ठरला. लिओनेल स्कालोनी त्याचा वापर किती जपून करतात यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. या संघाला मोठे सामने कसे काढायचे हे ठाऊक आहे. कमतरता आहे ती बाजूच्या पट्ट्यांतून धार आणणाऱ्या खेळाडूंची. दि मारियाची जागा भरलेली नाही.

इंग्लंडला गेल्या दोन्ही युरो स्पर्धांच्या अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली. टुखेल यांच्या संघाने अँडोरासारख्या संघाविरुद्ध निरस खेळ केला, मैत्रीपूर्ण सामन्यात सेनेगलकडून ३-१ असा मार खाल्ला आणि मग बेलग्रेडमध्ये सर्बियाला ५-० असे चिरडले. हॅरी केनच्या जोडीला खेळाडूंचा एवढा साठा आहे की प्रश्न निवडीचाच उरतो. डाव्या बचावपटूची जागा आणि दीर्घ प्रीमियर लीग हंगामाचा थकवा हे जुने दुखणे कायम आहे.

ब्राझीलची पात्रता फेरी त्यांच्या कीर्तीला न शोभणारी होती: सहा पराभव, २८ गुण, पाचवा क्रमांक. शेवटचा पराभव ४,००० मीटरहून उंच एल आल्तो येथे बोलिव्हियाकडून. मे महिन्यात आलेल्या आन्चेलोत्तींनी आधी बचाव सावरायला घेतला, हे योग्यच झाले. व्हिनिसियस, राफिन्या आणि तरुण एस्तेव्हाव असलेला संघ मोडीत काढता येत नाही, पण नऊ नंबरची जागा आणि बाजूचे बचावपटू या दोन्ही ठिकाणी ब्राझील आज साधारण आहे.

पोर्तुगालची विटिन्या, ज्वाव नेवेस आणि नुनो मेन्देस ही पॅरिसची त्रयी युरोपीय विजेती आहे. ४१ वर्षांचा रोनाल्डो पूर्ण नव्वद मिनिटे खेळणार का, हा निर्णय मार्तिनेझ यांना घ्यावाच लागेल, आणि तो घेण्याचे धैर्य त्यांनी आजवर दाखवलेले नाही. जर्मनी ब्रातिस्लाव्हात स्लोव्हाकियाकडून २-० असा हरला. पात्रता फेरीत परदेशी मैदानावर हा त्यांचा पहिलाच पराभव. मुसियालाची दुखापत बरी झाल्याशिवाय त्यांच्याविषयी काही ठाम म्हणता येत नव्हते. तीन अंतिम सामने हरलेला नेदरलँड्स भक्कम आहे, पण त्याच्याकडे सामना फिरवणारा आघाडीवीर नाही. सलग दोन विश्वचषक हुकलेल्या इटलीला नॉर्वेने ऑस्लोत ३-० असे हरवले आणि तिची पात्रताच तेव्हा लटकलेली होती. एर्लिंग हालांडच्या नॉर्वेने मोल्दोवावर ११ गोल केले.

यापुढच्या रांगेत मोरोक्कोचे नाव आधी घ्यावे. २०२२ मध्ये उपांत्य सामन्यापर्यंत त्यांच्यावर फक्त एक गोल झाला होता, तोही स्वयंगोल. अश्रफ हकिमीसह तो गाभा अजून शाबूत आहे. १८ पात्रता सामन्यांत फक्त पाच गोल स्वीकारणारा इक्वेडोर कोणालाही नकोसा प्रतिस्पर्धी ठरेल. जपानने २०२२ मध्ये जर्मनी आणि स्पेनला हरवले, पण उपांत्यपूर्व फेरी त्यांना अजून गाठता आलेली नाही. यजमानांपैकी मेक्सिको आपल्या घरी १९७० आणि १९८६ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत गेला होता, आणि उंचीवरचे सामने त्यांच्या फायद्याचे आहेत. तिन्ही यजमानांसाठी तेवढी मजल मोठी मानावी. उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदाच येत आहेत.

आकड्यांत मांडायचे तर स्पेनला १७ टक्के, फ्रान्सला १४, अर्जेंटिनाला १२, इंग्लंडला ११, ब्राझीलला ९, पोर्तुगालला ७, जर्मनीला ६ आणि बाकी सर्वांना मिळून २४ टक्के, असा अंदाज वाजवी ठरतो. पहिल्या चौघांपैकी एक जिंकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक. गटांची सोडत ५ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये झाली. वाचकांनी तिच्यात गटातल्या नावांपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: प्रत्येक दावेदाराचे सामने कोणत्या शहरांत पडतात, आणि उपांत्यपूर्व फेरीत त्याच्यासमोर कोण येऊ शकते. वरचे आकडे सोडतीआधीचे आहेत, ते त्यानुसार दोन-तीन टक्क्यांनी इकडे-तिकडे करावे लागतील.